बेंचपासून बॉसपर्यंत

नवा गेम घेतला की ग्राफिक्स कसे आहेत, गोष्ट काय आहे, किती तासांचा आहे, असं सगळे विचारतात. मी हल्ली एवढंच बघते की मेल्यावर काय होतं. गेम मला कुठे नेऊन उभं करतो, माझ्याकडचं काय काढून घेतो, आणि जिथे मेले तिथे परत पोचण्यात माझा किती वेळ खातो. गेल्या काही महिन्यांत कन्सोलवर जे जे खेळले त्यात मरणं भरपूर होतं, त्यामुळे तुलनेला माल कमी पडला नाही.

'एल्डन रिंग' मी फार उशिरा हातात घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आला तेव्हा ओळखीतले सगळे तोच खेळत होते आणि मी लांब राहिले होते. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या गेमबद्दल ऐकलेलं सगळं ऐकूनच दमायला व्हायचं. आता खेळल्यावर वाटतं, त्याच्या अवघडपणाची जितकी चर्चा झाली तितकी उदारपणाची झाली नाही. सुरुवातीच्या मैदानातच, लिमग्रेव्हमध्ये, सोनेरी चिलखत घातलेला ट्री सेंटिनेल घोड्यावरून गस्त घालत असतो. नवख्याने त्याच्या वाटेला जावं आणि दोन-तीन फटक्यांत आडवं व्हावं. पण त्याला लांबून वळसा घालून पुढे जाता येतं, कोणी अडवत नाही. समोर दिसला म्हणून आत्ताच लढलं पाहिजे असं नाही, हे गेम एक शब्द न बोलता पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकतो.

मग येतो मार्गिट हा बॉस, म्हणजे वाट अडवून बसलेला बलाढ्य शत्रू. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दाराशी उभा असलेला, काठी घेतलेला. त्याने काठी उगारली की हात आपोआप डॉजच्या, म्हणजे वार चुकवायच्या, बटणावर जातो आणि तिथेच तो मारतो, कारण उगारलेली काठी तो खाली आणतच नाही. हवेत तशीच धरून ठेवतो. आपली कोलांटी मारून झाली, आपण उभे राहिलो, की मग आणतो. कसलेल्या फिरकी गोलंदाजाने चेंडू हवेतच थांबवावा आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून जावी, तसं. इतकी वर्षं गेम खेळून बोटांना जी सवय लागली आहे, नेमकी तिच्यावर हा बॉस बेतलेला आहे. राग येतो, पण रागात थोडं कौतुकही असतं.

महत्त्वाचं म्हणजे मार्गिटशी हरल्यावर गेम अडून बसत नाही. टॉरेंट नावाचा घोडा आहे, दक्षिणेला अख्खा वीपिंग पेनिन्सुला पडलेला आहे, गुहा आहेत, छोटे बॉस आहेत. तिकडे भटकून, लेव्हल वाढवून, हत्यार घासूनपुसून परत यावं. मरताना अंगावरचे रून्स, म्हणजे लेव्हल वाढवायला लागणारं तिथलं चलन, तिथेच पडतात, पण ते उचलायची एक संधी मिळते. उचलायच्या आधीच पुन्हा मेलो तर मात्र गेले. आणि बऱ्याच बॉसच्या जवळ स्टेक ऑफ मारिका नावाचा दगडी पुतळा असतो. तो असेल तर मेल्यावर लांबच्या ग्रेसपासून, म्हणजे विसाव्याच्या जागेपासून, धावत यावं लागत नाही, थेट बॉसच्या जवळपास उभं राहता येतं. याच कंपनीच्या जुन्या गेममध्ये बॉसपर्यंतचं ते धावणं हा शिक्षेचा भाग असायचा. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकींचे गेम निर्दय असतात असं म्हणणाऱ्यांनी या छोट्याशा पुतळ्याकडे जरा नीट बघावं. लढाई अवघडच ठेवली आहे, फक्त लढाईपर्यंतची पायपीट काढून टाकली आहे.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे त्यानंतर खेळलेला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. त्यात ही पायपीट व्याजासकट परत आली.

'सिल्कसाँग' बनवणारी टीम चेरी ही ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची अगदी मोजक्या माणसांची टोळी. २०१७ मध्ये त्यांचा 'हॉलो नाइट' आला, फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सिल्कसाँग'ची घोषणा झाली आणि मग लोक वाट बघत बसले ते ४ सप्टेंबर २०२५ पर्यंत. पहिल्या गेममध्ये आपण खाली खाली उतरत होतो. इथे आपली नायिका हॉर्नेट फार्लूम नावाच्या राज्याच्या तळापासून वरच्या सिटाडेलकडे चढत जाते. आधीचा नायक मुका होता, हॉर्नेट बोलते, आणि फार छान बोलते: मोजकं, थोडं ताठ्यात.

हातात कंट्रोलर घेतल्याबरोबर एक गोष्ट टोचते. उडी मारून खालच्या शत्रूवर वार करायचा आणि त्याच्यावरून पुन्हा उसळायचं, हा पहिल्या गेमचा प्राण. इथे तो वार सरळ खाली जात नाही, तिरका जातो. सुरुवातीचे कितीतरी तास मी काट्यांच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडत होते. पुढे वेगवेगळे क्रेस्ट, म्हणजे लढायची ढब बदलणारी चिन्हं, मिळतात, त्यातल्या वॉन्डरर क्रेस्टने वार सरळ खाली जातो आणि जुन्या खेळाडूंचा जीव भांड्यात पडतो. मी तो घेतला, काही काळ वापरला आणि परत तिरक्या वाराकडे आले. तोवर त्याची चटक लागली होती. हवेतून शत्रूच्या अंगावर तिरकी झेप घ्यायची, उसळायचं, वळून पुन्हा तिरकी झेप. हे एकदा बसलं की त्यात नाचाची लय येते. सरळ वार त्यापुढे अळणी वाटतो.

खरा वाद आहे तो मास्कचा. हॉर्नेटचा जीव सुरुवातीला पाच मास्कचा. पण अनेक शत्रू आणि बहुतेक मोठे बॉस एका फटक्यात दोन मास्क नेतात. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. आता इथे गंमत बघा. चार तुकडे शोधून जोडले की एक जादा मास्क मिळतो. तुकडे शोधणं सोपं नाही, नकाशाच्या कानाकोपऱ्यांत फिरावं लागतं. एवढं करून सहावा मास्क मिळाला की आपण खूश. पण दोनदोन जाणारे फटके असतील तर सहा मास्कसुद्धा तिसऱ्याच फटक्याला संपतात! सहावा मास्क अशा बॉससमोर एकट्याने काहीच करत नाही, उपयोग सुरू होतो सातव्यापासून. इतक्या बारकाईने गेम बनवणाऱ्या लोकांच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. हा हिशोब त्यांनी मांडलेलाच आहे, आणि त्याचा अर्थ असा की जीव वाढवून जिंकायचा विचार सोडा, फटका चुकवायला शिका. बाकी भरपाई म्हणून बाइंड केलं, म्हणजे रेशीम खर्चून जखम भरली, की एका दमात तीन मास्क परत मिळतात. तेवढा क्षण सापडला पाहिजे, एवढंच.

आणि लास्ट जज. सिटाडेलच्या दारावरचा हा पहारेकरी ब्लास्टेड स्टेप्स नावाच्या भागाच्या टोकाला उभा असतो. लढाई उत्तम आहे. साखळीला बांधलेलं धुपाटणं तो गरगरा फिरवतो, आग ओकतो, प्रत्येक वाराआधी स्पष्ट इशारा देतो. हरलं तर चूक आपलीच असते, ते मान्य. पण हरल्यावर आपण उठतो ते लांबच्या बेंचवर, म्हणजे जिथे शेवटचं टेकलो होतो त्या बाकावर, आणि तिथून दारापर्यंत उड्या, भिंती, अंगावर येणारे शत्रू असा पूर्ण प्रवास पुन्हा करावा लागतो. दर वेळी. पहिले काही वेळा वाटतं, ठीक आहे, हात गरम होतो. नंतर मी वाटेतच मरायला लागले, कारण डोक्यात बॉस असायचा आणि पाय पायऱ्यांवर. शेवटी त्याला हरवलं, सोफ्यावरून उठले, तर तो मरता मरता फुटला. त्या स्फोटात आपण सापडलो तर आपणही जाऊ शकतो. मी थोडक्यात वाचले. हसावं की कंट्रोलर भिंतीवर मारावा, काही ठरेना.

या पायपिटीच्या बाजूने बोलणारे खूप आहेत. त्यांचं म्हणणं, वाटेत डोकं शांत होतं, काय चुकलं याचा विचार करता येतो, लगेच त्याच भिंतीवर आपटत राहिलं तर माणूस चिडून चुका करतो. यात तथ्य आहे. मला स्वतःला वाटेत दोनदा तरी युक्ती सुचली आहे. पण मग ती वाट चालायची असावी, कसरतीची नको. विचार करायला वेळ द्यायचा म्हणता आणि त्याच वेळात दर पावलाला काटे पेरून ठेवता, हे काही पटलं नाही. शिवाय याच गेममध्ये हंटर्स मार्च नावाच्या भागात एक बेंच आहे, धापा टाकत तिथे पोचावं, टेकावं, आणि वरून सापळा कोसळावा. तिथे मात्र मी मनापासून हसले. ती चेष्टा एकदाच केलेली आहे, आणि हुडकलं तर तो सापळा बंदही करता येतो.

बाइलवॉटरबद्दल न बोललेलं बरं. घाण पाण्यात पडलं की अंगाला अळ्या चिकटतात आणि जीव भरून येईनासा होतो. स्वच्छ पाणी शोधून अंग धुतलं की त्या सुटतात. तिथेही बॉस आहे आणि तिथेही वाट आहे. त्या भागात जवळचं एक बेंच लपवून ठेवलेलं आहे, ते मला फार नंतर सापडलं. पुढे.

एक गोष्ट मात्र 'सिल्कसाँग' फार सुंदर करतो. मेल्यावर जपमाळेचे मणी, म्हणजे तिथलं चलन, मेलेल्या जागी रेशमाच्या कोशात अडकून राहतात. तो कोश फोडला की मणी तर मिळतातच, शिवाय रेशीमही भरतं, आणि रेशीम म्हणजे बाइंड. बॉसच्या खोलीतच मेलो असलो तर तो कोश तिथेच लटकत असतो. म्हणून तो आल्याआल्या फोडायचा नाही. लढाई हाताबाहेर जायला लागली, रेशीम संपलं, मास्क एकच उरला, की मग धावत जाऊन फोडायचा आणि तीन मास्क भरून घ्यायचे. आपल्याच मागच्या मरणाने आपल्यासाठी ठेवलेला डबा! हे कळल्यापासून मी प्रत्येक पहिल्या मरणाची जागासुद्धा निवडायला लागले, भिंतीजवळ, बॉसचा वावर कमी असेल तिथे. मण्यांची भीती असेल तर थोडे मणी खर्चून त्यांची माळ ओवून घेता येते, ओवलेले मणी मेल्यावर जात नाहीत. बचतीचा चार्ज कापून घेतात, पण झोप शांत लागते.

'सिल्कसाँग'मुळे बोटं इतकी ताठ झाली होती की बदल म्हणून 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' लावला. आळीपाळीने खेळायचा गेम, म्हणजे आपला वार, मग त्यांचा वार, आरामात. असं मला वाटलं होतं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हने बनवलेला हा गेम एप्रिल २०२५ मध्ये आला. कल्पना अशी की पेंट्रेस नावाची एक अजस्र बाई दर वर्षी एका खांबावर आकडा रंगवते, दर वर्षी एक कमी, आणि तितक्या किंवा त्याहून जास्त वयाचे सगळे लोक पाकळ्या होऊन विरून जातात. ल्यूमिएर नावाच्या त्या शहरात ३४ पुसून ३३ लिहिला जातो, तिथे गेम सुरू होतो. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास लढाई जवळजवळ नाहीच, फक्त निरोप घेणारी माणसं. एवढं मरण आधीच बघितल्यावर पुढे स्वतःच्या मरण्याचं काही वाटू नये, पण वाटतं.

कारण इथे शत्रूची पाळी आली की कंट्रोलर बाजूला ठेवून चालत नाही. प्रत्येक वार डॉज करता येतो किंवा पॅरी करता येतो, म्हणजे नेमक्या क्षणी अडवता येतो. डॉजला सवलत जास्त, पॅरीला अगदी थोडी. पॅरी साधला तर जादा पॉइंट मिळतात, आणि वारांची अख्खी माळ पॅरी केली तर उलटा तडाखा बसतो, असा की खोलीत एकटी असूनही मी ओरडायचे. शिकवण्याची पद्धत मला इतकी आवडली की मुद्दाम सांगते. डॉज अगदी नेमक्या क्षणी झाला तर स्क्रीनवर 'परफेक्ट' असं उमटतं. त्याचा अर्थ, याच क्षणी पॅरी केला असता तर तोही लागला असता. म्हणून नवा शत्रू आला की आधी काही वेळ फक्त डॉज करायचं, 'परफेक्ट' येईपर्यंत कान आणि डोळे बसवायचे, मग पॅरीवर जायचं. कुणी शिकवत नाही, गेम फक्त खूण करतो. हरलेल्या लढाईतूनसुद्धा काहीतरी हातात घेऊनच आपण उठतो.

इथले शत्रूही मार्गिटच्याच गुरुकुलातले. तलवार उचलतात, थांबतात, एक पाऊल मागे घेतात, आणि मग. डोळ्यांवर विसंबलं तर फसायला होतं. मी कानांवर विसंबायला लागले. वाराच्या आधी एक बारीकसा आवाज येतो, तो धरायचा. आणि इथेच टीव्हीची गोष्ट निघाली. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्ही चित्र गुळगुळीत आणि रंगीत करण्याच्या नादात प्रत्येक फ्रेमवर काम करत बसतो आणि त्यात कित्येक फ्रेमचा उशीर होतो. सिनेमा बघताना ते कळत नाही, पॅरी करताना मात्र जीवावर येतं. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावला की हा उशीर पुष्कळ कमी होतो. नव्या टीव्हींमध्ये कन्सोल सुरू झाल्यावर तो आपोआप लागतो, जुन्यांत हाताने लावावा लागतो. आमचा जुना आहे. गेम मोड लावला, टीव्हीला जोडलेले ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचे लावले, कारण आवाजही मागून येत होता, आणि दुसऱ्याच दिवशी एकदम शहाणी झाल्यासारखं वाटलं. कन्सोलवर क्वालिटी आणि परफॉर्मन्स असे पर्याय असतील तर अशा गेममध्ये मी डोळे मिटून परफॉर्मन्स घेते. गवताची पाती दोन कमी दिसली तरी चालतील.

तक्रार करायची तर शेवटाकडची करीन. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ९,९९९ ही फटक्याची कमाल मर्यादा उठवणारा पिक्टो, म्हणजे पात्राला जादा ताकद देणारी वस्तू, हाती येतो आणि त्यानंतर आकडे पिसाळतात. जगभर हिंडून सगळी बाजूची कामं उरकून मी मुख्य बॉसकडे गेले, तर ज्या लढाईसाठी इतका काळ बोटं घासली ती बघता बघता उरकली. त्याने बिचाऱ्याने धड आपली पाळीही घेतली नाही. गोष्टीतला तो प्रसंग जड आहे आणि हातातला प्रसंग हलका, असं विजोड झालं. कुणी खेळायला घेणार असेल तर आधी गोष्ट संपवा, भटकंती नंतर करा.

'हेडीज २'कडे मी आरामासाठी वळले, आणि या वेळी आराम खरंच मिळाला. पहिल्या गेममधल्या झॅग्रिअसची बहीण मेलिनोई, समोर क्रोनोस, म्हणजे साक्षात काळ. सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण रूपात तो निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला. सुपरजायंटच्या या दोन्ही गेमांत मरणं ही गोष्टीची पुढची पायरी असते. पहिल्या वाटेवर एरेबसच्या टोकाला हेकेटी अडवते, आणि ती मेलिनोईची गुरू आहे. तिच्याकडून मार खायचा, तळावर परत यायचं, आणि तिच्याशीच त्या माराबद्दल बोलायचं! तळावर सगळ्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी नवीन असतं. कधीकधी तर पुढे जात असताना मनात यायचं की आता मेले तर बरं, खाली कोण काय म्हणतंय ते ऐकायचं राहिलंय. मरायची हाव सुटावी असा गेम मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्या 'हेडीज'मध्ये गॉड मोड नावाची सोय होती, दुसऱ्यातही आहे. पहिल्यातला तिचा हिशोब मला अजून पाठ आहे: चालू केली की लागणारा मार २० टक्के कमी होतो, आणि नंतर प्रत्येक मरणाला आणखी दोन टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तीस वेळा मरा आणि लोखंडी व्हा. यात शरमेचं काही नाही. 'ही फसवणूक आहे' म्हणणारे भेटतात, त्यांनी खुशाल बंद ठेवावी. मला त्यातला उघडपणा आवडतो. २००५ च्या 'रेसिडेंट इव्हिल ४' मध्येही दया होती, पण छुपी. आपण सारखे मरायला लागलो की तो गुपचूप सोपा व्हायचा, चांगलं खेळायला लागलो की गुपचूप अवघड. त्या काळी तो खेळताना एक अडलेला टप्पा अचानक सुटला आणि मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! खरं काय ते पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं. अभिमान तसाच ठेवला आहे, पण त्याला आता जरा टाचणी लागली आहे.

'ॲस्ट्रो बॉट' मी भाच्याबरोबर खेळले, म्हणजे तो खेळला आणि मी अवघड जागी कंट्रोलर मागून घेतला. टीम असोबीचा हा गेम सप्टेंबर २०२४ चा, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. एका फटक्यात मरण, पण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मागच्या चेकपॉइंटवर उभे. काही जात नाही, काही गोळा करायला परत जावं लागत नाही. वाळूवर चाललं तर कंट्रोलर वाळूसारखा खरखरतो, काचेवर टकटकतो, पावसात थेंब थेंब वाजतो. हातांना कळतं आपण कुठे आहोत ते. मरण इतकं स्वस्त असल्यामुळे भाचा बिनधास्त कुठेही उड्या टाकायचा, खाली काय आहे ते बघायला. आणि असं उडी टाकून बघणाऱ्यांसाठीच त्या लोकांनी कितीतरी जागी बॉट लपवून ठेवले आहेत.

छोट्या खडतर लेव्हल मात्र वेगळ्या. मध्ये चेकपॉइंट नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. तिथे आमचं घर दणाणून जायचं.

"मावशी, तू उडी उशिरा मारतेस. कड यायच्या आधी मार."

"कड दिसू तर दे."

"दिसल्यावर मारलीस की उशीर झाला."

त्याचं बरोबर होतं. अशा लेव्हल एक-दोन मिनिटांच्या असतात म्हणून पुन्हा पुन्हा करायचा कंटाळा येत नाही, आणि दर वेळी आदल्या खेपेपेक्षा दोन फळ्या पुढे गेलो एवढंही पुरतं. लास्ट जजच्या वाटेवर मला हेच मिळालं नव्हतं.

मग दोघांनी मिळून 'स्प्लिट फिक्शन' घेतला. हेझलाइटचे गेम दोघांशिवाय खेळताच येत नाहीत, स्क्रीन अर्धी तुझी अर्धी माझी. मार्च २०२५ मध्ये आला. यात एक मेला की दुसऱ्याने तग धरायचा. मेलेल्याने बटण बडवत राहायचं की तो परत येतो. दोघं एकदम मेले तरच मागे जावं लागतं. त्यामुळे हरण्यातली एकटेपणाची बोच निघून जाते आणि तिच्या जागी नवंच काहीतरी येतं: "तू कशाला मेलास, मी येतच होते ना!" एका बाजूच्या गोष्टीत आपण दोन डुकरं होतो, एक पादून उडतं, आणि शेवट कत्तलखान्यात सॉसेज होऊन. भाचा लोळून लोळून हसला. मीही हसले, पण थोडी दचकले.

'बलाट्रो' मध्येमध्ये चालूच आहे. हरलो की लगेच नवा डाव, पत्ते पिसून तयार. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं इतकंच की तो सुरू करायच्या आधी घड्याळ बघून ठेवावं.

आणि या सगळ्यात 'टिअर्स ऑफ द किंगडम' कुठे बसतो ते मला अजून ठरवता आलेलं नाही. झेल्डा मालिकेतला २०२३ चा हा गेम मी पुन्हा लावला आहे. त्यात मरण आहे, पण त्याला काही किंमत नाही. जवळच कुठेतरी उठतो, खिशातलं काही जात नाही. हरणं इथे वेगळ्या रूपात येतं. अल्ट्राहँड नावाच्या शक्तीने लाकडं जोडून पूल केला, तो दरीपेक्षा हातभर तोकडा. गाडी केली, एक चाक उलटं बसलं, ती जागच्या जागी गिरक्या घेते. पाठीवर केवढंतरी ओझं घेतलेला कोरोक नावाचा छोटा वनजीव त्याच्या मित्राकडे पोचवायचा असतो, तर त्याला फळीला चिकटवून पंखे लावून उडवला आणि फळी हवेत उलटी झाली. यातल्या कशालाच गेम चूक म्हणत नाही. 'पुन्हा प्रयत्न करा' असं स्क्रीनवर येत नाही. रिकॉल वापरून पडलेली वस्तू आल्या वाटेने मागे नेता येते, छताखाली उभं राहून असेंडने थेट डोंगराच्या माथ्यावर निघता येतं. हे असेंड म्हणे बनवणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी, गेम तपासताना गुहेतून पटकन बाहेर पडायला वापरलं होतं, आणि मग त्यांनाच वाटलं की हे खेळणाऱ्यांनाही देऊन टाकावं.

भाचा शेजारी बसून बराच वेळ बघत होता. "मावशी, यात बॉस कधी येणार?" त्याने विचारलं. येणार आहे, मी म्हटलं, पण आधी हा पूल. त्याने कंट्रोलर घेतला, मी जोडलेली सगळी लाकडं सुटी केली आणि तीच लाकडं लांबीच्या बाजूने जोडायला घेतली.